जर्मन चिलखती दलांचा उदय आणि अस्त

अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) येथें रणगाड्यांचें एक संग्रहालय आहे. तें पाहून परत आलेले विद्यार्थी पुढें कित्येक दिवस दुसऱ्या कोणत्याहि विषयावर बोलत नाहींत, असा आमचा अनुभव आहे. कोणता गाडा किती जड, कोणाची तोफ किती लांब पल्ल्याची, हें सारें त्यांच्या जिव्हाग्रीं असतें; आणि या संभाषणाचा ओघ फिरून फिरून जर्मन रणगाड्यांवर येऊन थांबतो. मग एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, इतकें कुशल आणि इतकें शूर सैन्य शेवटीं हरलें कसें?"

प्रश्न चांगला आहे. परंतु त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नाहीं, आणि अर्धवट उत्तर देणें तर धोक्याचें आहे. यंत्राविषयींचें कौतुक हळूहळू यंत्र चालविणाऱ्याच्या हेतूविषयींच्या कौतुकांत रूपांतर पावतें, आणि तें कौतुक करणाऱ्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हणून जर्मन चिलखती दलांचा इतिहास येथें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींहि हा लेख मुलांबरोबर वाचावा, अशी आमची विनंती आहे.

खंदक आणि पोलादी गाडा

इ. स. १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां कांहीं महिन्यांतच त्याचा निकाल लागेल, अशी युरोपांतील पुष्कळांची कल्पना होती. परंतु मशीनगन, तोफा आणि काटेरी तारा यांच्यापुढें पायदळाचा व घोडदळाचा कांहीं इलाज चालेना. दोन्ही पक्ष जमिनींत खंदक खणून समोरासमोर बसले, आणि हातभर भूमीसाठीं सहस्रावधि तरुणांचे प्राण जाऊं लागले. गोळ्यांस दाद न देणारें, तारा तुडवीत आणि खंदक ओलांडीत पुढें जाणारें वाहन या कोंडींतून निर्माण झालें. इंग्रजांनीं तें १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समधील सोम नदीच्या रणक्षेत्रांत प्रथम आणिलें. गुप्तता राहावी म्हणून त्यास 'टँक', म्हणजे पाण्याची टाकी, असें नांव दिलेलें होतें. तेंच पुढें जगभर रूढ झालें. मराठींत आपण त्यास रणगाडा म्हणतों.

रणगाड्याचे गुण तीन: तोफेचा मारा, चिलखताची जाडी आणि चालण्याची गति. यांपैकीं एक वाढवूं गेलें कीं दुसरा कमी होतो. चिलखत जाड केलें तर वजन वाढतें; वजन वाढलें तर गति मंदावते, इंधन अधिक लागतें आणि साधे पूल त्यास पेलत नाहींत. हा हिशेब विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

या पहिल्या युद्धांत जर्मनी रणगाड्यांच्या बाबतींत मागेंच राहिला. त्यानें स्वतःचा जो गाडा बनविला त्याचें नांव ए-७-व्ही. एका गाड्यांत अठरा माणसें बसत, आणि असे गाडे अवघे वीसच तयार झाले. २४ एप्रिल १९१८ रोजीं फ्रान्समधील व्हिलेर-ब्रेतोनो या गांवापाशीं जर्मन व इंग्रज रणगाडे एकमेकांसमोर आले; रणगाड्यांची रणगाड्यांशीं झालेली ही पहिली लढाई होय. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जर्मनीनें शस्त्र खालीं ठेविलें.

तह आणि लपवाछपवी

१९१९ सालच्या व्हर्सायच्या तहानें जर्मनीचें सैन्य एक लाखावर आणून ठेविलें आणि रणगाडे बनविण्यास अथवा बाहेरून आणण्यास बंदी केली. लष्करी विमानेंहि बंद झालीं. परंतु ज्यांस जुनीं साधनें वापरण्यास मनाई होते ते कधीं कधीं नव्या साधनांचा विचार अधिक मनःपूर्वक करूं लागतात. जनरल फॉन झेक्ट या सेनाप्रमुखानें त्या लहानशा सैन्यांतील अधिकाऱ्यांस गत युद्धांतील चुकांचा अभ्यास करावयास लाविलें. जिंकलेल्या राष्ट्रांजवळ रणगाडे होते आणि हरलेल्या राष्ट्राजवळ प्रश्न होते, असें म्हटल्यास चालेल.

या अभ्यासांत हाइन्झ गुडेरियन हा अधिकारी पुढें आला. त्याचा जन्म १८८८ चा. पहिल्या महायुद्धांत त्याचा संबंध बिनतारी संदेशयंत्रांशीं आला होता, आणि या अनुभवाचें महत्त्व आपणांस पुढें दिसेल. फुलर आणि लिडेल हार्ट या इंग्रज लेखकांच्या यांत्रिक युद्धाविषयींच्या विचारांचा त्यानें अभ्यास केला. इंग्लंडनें १९२७ सालीं यांत्रिक सेनेचा प्रयोगहि करून पाहिला होता. पण ज्या देशांत ही कल्पना जन्मली तेथें ती रेंगाळली, आणि जेथें तिला कायद्यानें बंदी होती तेथें ती रुजली. मौजेची गोष्ट ही कीं, रणगाड्यांवर व्याख्यानें देणाऱ्या या गुडेरियननें स्वतः रणगाडा चालविला तो प्रथम १९२९ सालीं, आणि तोहि परक्या देशांत, स्वीडनमध्यें!

जर्मनीच्या कवायतींत त्या काळीं साध्या मोटारींवर लांकूड, कापड व पत्रा यांचीं सोंगें चढवून तेच रणगाडे मानले जात. खरें शिक्षण मात्र चोरून चाले. रशियांतील कझान शहराजवळ 'कामा' नांवाची एक गुप्त शाळा दोन्ही देशांच्या संमतीनें काढण्यांत आली, आणि १९२९ पासून १९३३ पर्यंत जर्मन अधिकारी तेथें रणगाड्यांची विद्या शिकले. ज्या रशियावर पुढें हेच गाडे चालून जावयाचे होते त्याच भूमींत त्यांची मुळाक्षरें गिरविली गेलीं. जर्मन कारखान्यांत पहिला नवा रणगाडा आंखला गेला तेव्हां कागदोपत्रीं त्याचें नांव 'शेतकीचा ट्रॅक्टर' असें होतें.

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस या युक्तीचें हंसूं येतें. पण नांगराच्या नांवाखालीं तरवार घडविण्याची ही रीत होती, आणि या राज्यकारभारांत पुढें जें घडलें त्यांतहि खऱ्या गोष्टीस खोटें नांव देण्याची हीच संवय वाढत गेली.

डिव्हिजन म्हणजे काय?

हिटलर १९३३ च्या जानेवारींत सत्तेवर आला आणि १९३५ च्या मार्चांत त्यानें तहाचीं लष्करी बंधनें उघडपणें झुगारून दिलीं. १५ ऑक्टोबर १९३५ रोजीं पहिल्या तीन चिलखती डिव्हिजन स्थापन झाल्या. जर्मन भाषेंत चिलखतास 'पान्झर' म्हणतात. म्हणून त्यांस पान्झर डिव्हिजन हें नांव पडलें. पहिलीचें ठाणें वायमार, दुसरीचें व्युर्त्सबुर्ग आणि तिसरीचें बर्लिन. दुसरीचें आधिपत्य गुडेरियनकडे होतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिलखती डिव्हिजन म्हणजे केवळ रणगाड्यांचा तांडा नव्हे. एकटा रणगाडा गल्लींत सांपडला तर बाटलींतील पेट्रोलनेंहि पेटतो; सुरुंगावर गेला तर जागींच पंगु होतो. त्यास भोंवतालीं पायदळ लागतें, पण तें पायीं चालणारें असून चालत नाहीं, मोटारींतून त्याच्या बरोबरीनें धांवणारें असावें लागतें. तोफा हव्यात, पण त्या घोड्यांनीं ओढलेल्या नकोत. नदी आली तर पूल बांधणारे इंजिनियर हवेत. पुढें जाऊन टेहळणी करणाऱ्या हलक्या गाड्या हव्यात. बिघडलेलें यंत्र रस्त्यांतच दुरुस्त करणारे कारागीर हवेत. आणि या सर्वांच्या मागें पेट्रोल व दारूगोळा वाहणारीं वाहनें हवीत. फ्रान्स व इंग्लंड येथील पुष्कळ सेनाधिकारी रणगाड्यास पायदळाचा मदतनीस मानीत. गुडेरियनचें म्हणणें उलट होतें: सर्व दलांनीं रणगाड्याच्या गतीशीं आपली गति जुळवावी.

दुसरी मुख्य गोष्ट म्हणजे बिनतारी यंत्र. जर्मनांनीं आपल्या रणगाड्यांत तें बसविण्याचा आग्रह धरिला, त्यामुळें धांवत्या गाड्यांस धांवतांनाच हुकूम देतां येऊं लागला. त्यांच्या तिसऱ्या नमुन्याच्या रणगाड्यांत पांच माणसें असत: नायक, नेमबाज, तोफ भरणारा, चालक आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा. याउलट फ्रेंच रणगाड्यांच्या बुरुजांत बहुधा एकच माणूस बसे. तोच शत्रूस शोधी, तोच तोफ भरी, तोच नेम धरी आणि तोच हुकूम देई. फ्रेंचांचे कित्येक गाडे जर्मन गाड्यांहून जाड चिलखताचे व मोठ्या तोफेचे होते. तरी एका माणसाच्या हातून चौघांचीं कामें होत नाहींत.

नव्या दलाचे दोषहि लौकरच उघडे पडले. १९३८ च्या मार्चांत जर्मन सैन्य ऑस्ट्रियांत शिरलें तेव्हां विरोध कोणीहि केला नाहीं, तरी व्हिएन्नाच्या वाटेवर पुष्कळ रणगाडे बंद पडले. पेट्रोल कमी पडल्यामुळें तें वाटेवरील पंपांवरून भरून घ्यावें लागलें, आणि नकाशांच्या अभावीं प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकाचा आधार घ्यावा लागला. पुढल्या वर्षीं चेकोस्लोव्हाकिया गिळंकृत केल्यावर तेथील कारखाने आणि उत्तम चेक रणगाडे जर्मनीच्या हातीं आले. १९४० च्या मोहिमेंत तीन जर्मन डिव्हिजन या चेक गाड्यांवरच अवलंबून होत्या, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

पोलंड आणि फ्रान्स

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली. या स्वारीची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते कीं, पोलिश घोडेस्वार भाले उगारून रणगाड्यांवर चालून गेले. ही गोष्ट खरी नाहीं. त्या दिवशीं क्रोयांती या गांवाजवळ पोलिश घोडदळानें जर्मन पायदळावर हल्ला केला व तें उधळून लाविलें. इतक्यांत चिलखती मोटारी येऊन त्यांच्या मशीनगनांनीं स्वारांस टिपलें. नंतर वार्ताहरांस तीं प्रेतें दाखविण्यांत आलीं, आणि त्यांतून ही दंतकथा निघाली. पोलिश घोडदळ खाली उतरून रणगाडाविरोधी तोफांनीं लढत असे. त्याच दिवशीं मोक्रा येथें अशाच एका ब्रिगेडनें जर्मनांची चौथी चिलखती डिव्हिजन दिवसभर रोखून धरिली. पुढें वॉर्साच्या वेशींत शिरूं पाहतांना ८ व ९ सप्टेंबर रोजीं याच डिव्हिजनीस मोठें नुकसान सोसून मागें फिरावें लागलें. जिंकणारा जी कथा सांगतो ती पडताळल्यावांचून स्वीकारूं नये, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा आहे.

१० मे १९४० रोजीं फ्रान्स, बेल्जम व हॉलंड यांवर हल्ला झाला. जर्मनांजवळ दहा चिलखती डिव्हिजन आणि अडीच हजारांच्या आसपास रणगाडे होते. त्यांतील निम्म्याहून अधिक पहिल्या व दुसऱ्या नमुन्याचे, म्हणजे अगदीं हलके होते. विरुद्ध पक्षाजवळ रणगाडे अधिकच होते, पण ते दूरदूर विखुरलेले. जर्मनांनीं आपले बहुतेक गाडे एका मुठींत धरून आर्देन्सच्या डोंगराळ अरण्यांतून नेले, कारण तेथून मोठें यांत्रिक सैन्य त्वरेनें येणें शक्य नाहीं असें फ्रेंचांनीं गृहीत धरिलें होतें. क्लाइस्टच्या हाताखालीं सुमारें ४१ हजार वाहनें त्या अरुंद रस्त्यांवर खोळंबत पुढें सरकत होतीं. त्या वेळीं आकाशांतून त्यांच्यावर नेटाचा हल्ला झाला असता तर इतिहास कदाचित् निराळा झाला असता.

१३ मे रोजीं सेदां येथें म्यूझ नदी ओलांडली गेली. ती प्रथम रणगाड्यांनीं ओलांडली नाहीं. विमानांचा भडिमार चालूं असतां पायदळ व इंजिनियर रबरी होड्यांतून पलीकडे गेले. रात्रीं पूल बांधला गेला, आणि मग गाडे पार झाले. त्यानंतर सात दिवसांत, २० मे रोजीं, जर्मन गाडे समुद्राजवळच्या आबव्हील शहरीं पोंचले, आणि उत्तरेकडील दोस्तांच्या सैन्याची वाट तुटली. डंकर्कच्या किनाऱ्यावरून ४ जूनपर्यंत सुमारें ३ लक्ष ३८ हजार सैनिक समुद्रमार्गें निसटले. तथापि २२ जून रोजीं फ्रान्सनें युद्धतहकुबीवर सही केली.

जगानें या प्रकारास 'विद्युद्युद्ध' हें नांव दिलें. परंतु या दहा डिव्हिजनींच्या मागून येणारें बहुसंख्य जर्मन सैन्य पायीं चालत होतें, आणि त्याच्या तोफा व सामान घोडे ओढीत होते. भाल्याचें टोंक पोलादाचें असलें तरी दांडा जुन्याच लांकडाचा होता.

वाळवंट आणि मराठा पलटण

फेब्रुवारी १९४१ मध्यें जनरल रोमेल त्रिपोलीस उतरला आणि उत्तर आफ्रिकेंत जर्मन चिलखती दलांचा एक स्वतंत्र अध्याय सुरू झाला. या अध्यायाशीं महाराष्ट्राचा साक्षात् संबंध आहे. १९४२ च्या जूनांत तोब्रूक बंदराच्या तटबंदीचा आग्नेय भाग अकराव्या हिंदी ब्रिगेडकडे होता, आणि तिच्यांत ५ व्या मराठा लाईट इन्फन्ट्रीची २ री पलटण होती. कोंकणांतून व देशावरून भरती झालेले हे शेतकऱ्यांचे पुत्र घरापासून सहस्रावधि मैल दूर, खडकाळ वाळवंटांत, खंदक धरून बसले होते. रणगाड्यांस अडविण्याचा चर ठिकठिकाणीं वाळूनें भरून आलेला होता, आणि पूर्वीं पेरलेले पुष्कळ सुरुंग अन्यत्र नेलेले होते.

२० जूनच्या पहांटे विमानांनीं याच भागावर बाँबचा वर्षाव केला. त्याच्या पाठोपाठ इंजिनियरांनीं चर बुजविले, आणि १५ व्या व २१ व्या डिव्हिजनचे रणगाडे आंत घुसले. पहिला आघात मराठा पलटणीच्या चौक्यांवर पडला. रणगाड्यास रायफलीनें अडवितां येत नाहीं; तरी त्या चौक्या लढल्या. सायंकाळपर्यंत जर्मन गाडे बंदरांत पोंचले, आणि दुसऱ्या दिवशीं तोब्रूक पडलें. सुमारें ३३ हजार सैनिक कैद झाले. हिटलरनें रोमेलला फील्डमार्शल केलें. आणि इकडे किती घरांत पत्राची वाट पाहत दिवस गेले असतील, याची गणना कोणत्याहि संग्रहालयांत मांडलेली नसते. याच रेजिमेंटच्या इतर पलटणी पुढें इटलींत जर्मनांशीं लढल्या. तेथें नाईक यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ च्या लढाईंतील पराक्रमासाठीं मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांस ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठीं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

रोमेलचा विजय मात्र टिकला नाहीं. त्याचें पेट्रोल भूमध्य समुद्रांतून जहाजांनीं यावयाचें, आणि तीं जहाजें बुडविलीं जात. एल् अलामीन येथें २३ ऑक्टोबर १९४२ रोजीं सुरू झालेल्या लढाईंत त्याचा मोड झाला, आणि १३ मे १९४३ रोजीं ट्युनिसियांत उरलेल्या जर्मन-इटालियन सैन्यानें शरणागति पत्करिली.

रशियाचा चिखल

फ्रान्सच्या विजयानंतर हिटलरनें चिलखती डिव्हिजनींची संख्या दहावरून वीसवर नेली. परंतु ही वाढ मुख्यतः प्रत्येक डिव्हिजनमधील रणगाडे कमी करून साधलेली होती. कागदावर बळ दुप्पट झालें, कारखान्यांत झालें नाहीं. २२ जून १९४१ रोजीं रशियावर जी स्वारी झाली तिच्यांत सुमारें साडेतीन हजार रणगाडे होते, आणि त्यांच्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे!

आरंभींचे विजय प्रचंड होते. लक्षावधि रशियन सैनिक वेढ्यांत सांपडले. पण देश संपेना. रस्ते कच्चे, अंतरें अफाट. धुळीनें यंत्रें झिजलीं, आणि सुटे भाग वेळेवर येईनात. त्यांतच रशियाचा टी-३४ हा रणगाडा पुढें आला. त्याचें चिलखत तिरपें असल्यामुळें गोळे त्यावरून घसरून जात, आणि रुंद पट्ट्यांमुळें तो चिखलांतहि चाले. आपली लहान तोफ शत्रूच्या गाड्याचें दार केवळ ठोठावते, असें जर्मन शिपाई कडवटपणें म्हणूं लागले. ऑक्टोबरांत पाऊस लागून रस्त्यांचा चिखल झाला. मागून हिमाचा कडाका आला. आणि डिसेंबरांत मॉस्कोच्या पुढ्यांतच रशियनांनीं प्रतिहल्ला केला. माघारीच्या प्रश्नावरून गुडेरियनला त्याच महिन्यांत पदच्युत करण्यांत आलें.

पुढील वर्षीं स्टालिनग्राड येथें सहावें जर्मन सैन्य वेढलें गेलें. २ फेब्रुवारी १९४३ रोजीं त्याचा शेवट झाला, तेव्हां १४ वी, १६ वी आणि २४ वी अशा तीन चिलखती डिव्हिजन त्याबरोबर नष्ट झाल्या.

वाघ, चित्ता आणि गणित

यानंतर गुडेरियनला परत बोलावून चिलखती दलांचा महानिरीक्षक नेमण्यांत आलें. टायगर आणि पँथर, म्हणजे वाघ आणि चित्ता, हे नवे रणगाडे रणांत आले. आमच्या विद्यार्थ्यांचें सर्वांत आवडतें यंत्र तें हेंच! टायगरची ८८ मिलिमीटरची तोफ फार दूरवरून शत्रूस भेदीत असे. पण त्याचें वजन सुमारें ५७ टन. पुष्कळ पूल त्यास निरुपयोगी. आगगाडीवर चढवितांना त्याचे रुंद पट्टे काढून अरुंद पट्टे चढवावे लागत. आरंभीं सांगितलेला तीन गुणांचा हिशेब येथें आठवावा. टायगर तयार झाले सुमारें १,३५०, पँथर सुमारें ६,०००. उलट पक्षीं रशियाचे टी-३४ आणि अमेरिकेचे शर्मन हे प्रत्येकी पन्नास हजारांच्या आसपास बनले. एका वाघास चार कोल्हे भारी पडत नसतील. पण चाळीस आले तर?

५ जुलै १९४३ रोजीं कुर्स्क येथें जर्मनीनें पूर्वेकडील शेवटचा मोठा हल्ला चढविला. नव्या पँथरांची वाट पाहण्यांत हा हल्ला पुनःपुन्हां लांबला होता, आणि तेवढ्या अवधींत रशियनांनीं खंदकांच्या व सुरुंगांच्या रांगांमागून रांगा उभारल्या होत्या. दोनशेंच्या सुमारास जे पँथर आले त्यांतील पुष्कळ यंत्रदोषानें आणि सुरुंगांनीं पहिल्या कांहीं दिवसांतच निकामी झाले. हल्ला थांबला, आणि त्यानंतर पूर्वेकडे पुढाकार रशियाकडेच राहिला.

६ जून १९४४ रोजीं दोस्तांचें सैन्य नॉर्मंडींत उतरलें, तेव्हां राखीव चिलखती डिव्हिजन हलविण्यास हिटलरची परवानगी हवी होती, आणि ती मिळण्यांत मोलाचे तास गेले. ज्या सैन्याचें बळ जागेवरील अधिकाऱ्याच्या त्वरित निर्णयांत होतें तेंच आतां एका माणसाच्या शब्दासाठीं खोळंबून बसलें. आकाश शत्रूच्या विमानांनीं व्यापलेलें होतें, आणि मे महिन्यापासून कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर बाँब पडत होते. १६ डिसेंबर १९४४ रोजीं आर्देन्समध्येंच शेवटचा डाव टाकला गेला, पण पेट्रोल पुरलें नाहीं. एस्. एस्. दलाच्या एका आघाडीच्या तुकडीनें ला ग्लेझ या गांवीं आपले गाडे सोडून नाताळच्या आदल्या दिवशीं पायीं पळ काढिला. याच तुकडीच्या सैनिकांनीं आठवडाभर आधीं माल्मेदीजवळ शरण आलेल्या ८४ अमेरिकनांस गोळ्या घातल्या होत्या. १९४५ च्या मेमध्यें सर्व संपलें.

प्रश्नाचें उत्तर

तर मग इतकें कुशल सैन्य हरलें कसें? पेट्रोल नव्हतें, माणसें पुरेनात, कारखाने कमी पडले, तीन मोठ्या राष्ट्रांशीं एकाच वेळीं वैर ओढवून घेतलें, हें सारें खरें आहे आणि परीक्षेंत तें लिहिलें पाहिजे. परंतु एवढ्यावर थांबल्यास "पेट्रोल असतें तर जिंकले असते" अशी हळहळ मनांत उरते. तीच आम्हांस नको आहे.

हे गाडे जेथें जेथें पुढें गेले तेथें तेथें त्यांच्या मागून काय गेलें, हेंहि पाहिलें पाहिजे. त्यांनीं मोकळ्या केलेल्या वाटेनें घातकी पथकें गेलीं आणि गांवोगांवच्या यहूदी स्त्रीपुरुषांस व बालकांस ठार करूं लागलीं. युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारें साठ लक्ष यहूद्यांचा वध झाला. वेढ्यांत सांपडलेल्या रशियन कैद्यांपैकीं तीस लाखांहून अधिक भुकेनें, थंडीनें व गोळ्यांनीं मेले. १९४४ सालीं जर्मनीच्या शेतांवर व कारखान्यांत सत्तर लाखांहून अधिक परदेशी मजूर व कैदी राबत होते, आणि त्यांतील बहुतेक जबरदस्तीनें आणलेले होते. जो पोलादी गाडा संग्रहालयांत आपण हात लावून पाहतों त्यांत अशा हातांचाहि घाम असूं शकतो.

युद्धानंतर कित्येक जर्मन सेनापतींनीं आत्मचरित्रें लिहून सर्व दोष हिटलरवर ढकलला, आणि आपण केवळ आपला धंदा इमानानें केला असें सांगितलें. गुडेरियनचें पुस्तकहि अशाच प्रकारचें आहे. तो १९५४ मध्यें वारला. परंतु हिटलरनें पोलंडच्या भूमींतील एक मोठी जहागीर त्यास दिली होती आणि त्यानें ती घेतली होती. तसेंच १९४४ च्या जुलैंतील हिटलरविरुद्धच्या कटानंतर संशयित अधिकाऱ्यांस सैन्यांतून काढून फांशीच्या वाटेस लावणाऱ्या न्यायसभेंत तो बसला होता, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. गाडा वेगानें कसा जाईल हा प्रश्न त्यानें जन्मभर विचारला. तो कोठें जात आहे हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं.

पवित्र शास्त्रांत शास्त्यांच्या पुस्तकांत सीसरा नांवाच्या सेनापतीची कथा आहे. त्याजवळ नऊशें लोखंडी रथ होते आणि वीस वर्षें त्यानें लोकांस छळलें. शेवटीं किशोन नदीपाशीं तो रथ सोडून पायीं पळाला. ला ग्लेझहून पायीं निघालेल्या त्या तुकडीची हकीकत वाचतांना आम्हांस ती कथा आठवली. अन्याय करणारा नेहमींच लौकर हरतो, असें आम्ही म्हणत नाहीं. १९४० सालीं तो जिंकत होता, आणि तोब्रूकलाहि जिंकला. त्याला हरविण्यासाठीं कोट्यवधि माणसांस प्राण द्यावे लागले, आणि त्यांत आपल्या गांवचींहि माणसें होतीं.

विद्यार्थ्यांनीं रणगाड्यांचा अभ्यास अवश्य करावा. इंजिन कसें चालतें, तिरप्या चिलखतावरून गोळा कां घसरतो, पांच माणसें एकमेकांवर विसंबून कसें काम करतात, यांत पुष्कळ शिकण्यासारखें आहे. उद्यां तुमच्यापैकीं कोणी इंजिनियर होईल, कोणी सैन्यांत जाईल, कोणी कारखाना चालवील. त्या दिवशीं तुमच्या हातीं जें यंत्र येईल त्याची गति, शक्ति आणि खर्च यांचा हिशेब तुम्ही चोख कराल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्या हिशेबांत आणखी एक रकाना आंखून ठेवा: हें कोणाच्या अंगावरून जाणार आहे?